क्वाकच्या बापाचा चॅनेल

क्वाक बोंगशिक कोरियातल्या इंचॉन शहरात एका बांधकामावर इशारेवाला होता. म्हणजे खाली उभं राहायचं आणि वायरलेसवरून क्रेनवाल्याला ‘उचल, सोड, थांब’ सांगायचं. काम एवढंच, पण रुबाब असा की अख्खी इमारत यानंच खांद्यावर उचललीय. वीस वर्षं नोकरी, अक्कल पहिल्या दिवसाचीच!

शेजारच्या प्लॉटवर दुसरा टॉवर चढत होता आणि दोघांचा चॅनेल एकच. म्हणून प्रत्येकानं आपापल्या सेटला एक बारीक सूर लावलेला. माणसाच्या कानाला तो कळत नाही, सेटला कळतो. आपला सूर आला तर सेट बोलतो, परका आला तर मूग गिळून बसतो. त्या दिवसापासून क्वाक सांगत सुटला, "चॅनेल आता आपल्या बापाचा! शेजाऱ्यांची कटकट संपली."

"संपली नाही, दादा. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच," क्रेन चालवणारी योंगसुक म्हणाली. "रस्ता एकच आहे. बाजूचं बटण दाबलं की परकाही ऐकू येतो. बोलायच्या आधी ते दाबून ऐका, कुणी बोलतंय का. दोघं एकदम बोललात तर तुमचं माझ्यापर्यंत पोचणार नाही. आणि माल उतरताना बोलत राहा. तुमचा आवाज थांबला की माझा हात थांबला."

"मी काय पोपट आहे?" क्वाक खेकसला. "वर बसलीस म्हणून शहाणी झालीस काय!"

मंगळवारी सळयांचा भारा तळघराच्या खड्ड्यात उतरत होता. केबिनमधून खड्डा दिसत नव्हता. योंगसुकचे डोळे म्हणजे क्वाकचा आवाज, आणि खाली भारा उतरवून घ्यायला म्हातारा मेंग. "सोड, सोड, सोड," म्हणता म्हणता स्वारीला तलफ आली. बोलायचं बटण सोडलं, सिगारेट पेटवली. मान वळवून बघतो तर मेंगचा पाय जाळीत अडकलेला आणि भारा थेट त्याच्या डोक्यावर. क्वाकची पाचावर धारण बसली. बटण दाबून तो बोंबलला, "थांब! थांब! थांब!"

भारा मेंगच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलेला होता.

संध्याकाळी सगळे टपरीत माक्कोली, म्हणजे तांदळाची दारू, प्यायला बसले. तिथली रीत अशी, की आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्यानं भरायचा. मेंग दोन्ही हातांनी किटली उचलून क्वाकचा पेला भरायला उठला. "तुम्ही नसता तर आज माझी बायको रडत बसली असती."

"अरे, तीनदा ओरडलो म्हणून वाचलास!" क्वाकनं छाती फुगवली.

योंगसुकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला, माणूस वाचल्याचंही श्रेय खातो! "तीनदा? एकदासुद्धा नाही आलं माझ्यापर्यंत. तुमचा आवाज बंद पडला म्हणून मी हात थांबवला. काय झालं म्हणून बाजूचं बटण दाबून ऐकलं, तर शेजारचा गडी पाच जणांसाठी डुकराचं सूप मागवत होता. त्याखाली गेलं तुमचं ‘थांब’. आता तुमचा आवाज आधी बंद का पडला होता, तेवढं सांगा मेंगकाकांना."

"सेटच भिकार आहे," क्वाक पुटपुटला. सिगारेटचं पाकीट त्यानं टेबलावरून हळूच खिशात सारलं. ते मेंगनं पाहिलं.

म्हाताऱ्यानं किटली वळवली आणि योंगसुकचा पेला काठोकाठ भरला. मग ज्यानं त्यानं आपल्या शेजाऱ्याचा भरला. क्वाकचा कुणीच भरला नाही, आणि चारचौघांत आपला आपण भरून घ्यायची त्याची छाती झाली नाही. थोडा वेळ रिकाम्या पेल्याकडे बघत बसला आणि मग उठून गेला.