आईची छत्री

पासलीच्या थांब्यावर एसटी लागली तेव्हा, अक्के, आईनं माझ्या डोक्यावर छत्री धरली होती. पाऊस नव्हता, रखरखीत ऊन होतं. "सावलीत हो गं. काळी पडलीस तर शेरातली मान्सं नाक मुरडतील." माझी ट्रंक तू वर चढवलीस. तुझ्या डोक्यावर काहीच नव्हतं.

शहरात द्यायची म्हणून आईनं मला भातलावणीला कधी चिखलात उतरू दिलं नाही. तुला उतरवलं. झालं मग तिच्या मनासारखं. पुण्यात तळमजल्यावरचा फ्लॅट, मॉलच्या तळघरात बिलिंगची नोकरी. ऊन मला फक्त मोबाईलवर दिसायचं, आकड्यात.

मग गुडघे धरले, जिना चढताना धाप लागायला लागली. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. ड जीवनसत्त्व पार तळाला, साखर काठावर, अंगात आतून सूज. "नुसत्या गोळीवर हृदयाचं भागत नाही हं. चाला, खाण्याकडं बघा, थोडं उन्हात बसा. घरात कुणाला हृदयाचा त्रास होता?" आईला, म्हटलं. खळ्यावर भात झोडता झोडता छातीवर हात ठेवला आणि गेली. जन्मभर उन्हात राबलेली बाई, तरी गेली. तेव्हापासून मला भीतीच बसलीय, खोटं कशाला सांगू?

रोज गच्चीवर जाऊन बसते. पण जरा चटका लागला की मागून आवाज येतो, "सावलीत हो गं." आणि मी उठतेच! मेली तरी बाई पाठ सोडत नाही.

परवा झोडणीला आले तेव्हा हे तुला हसत हसत सांगितलं. तू पेंढी आपटायची थांबलीस.

"मला न्हाई बाई आवाज येत. मला ती कवा सावलीत हो म्हनलीच न्हाई."

मी खळ्याच्या कडेला उन्हात बसून राहिले. तू पुन्हा झोडायला लागलीस. मधेच थांबलीस, छातीवर हात ठेवून, अगदी आईसारखी. आणि माझ्याच तोंडून तिचा आवाज निघाला, "अक्के, सावलीत हो गं!"

तू दचकून माझ्याकडं नाही, घराच्या दाराकडं बघितलंस.

आता घर म्हटलं की मला तेवढंच दिसतं. ते रिकामं दार, आणि त्याच्याकडं बघणारी तू. रविवारी तुला तपासणीला न्यायला येतेय. लई कामं हायेत, असलं काही ऐकणार नाही. एसटीपर्यंत ऊन असेल, मी छत्री आणते.