आबांसाठी माणूस पाहिजे

घरात सगळं विसरत चाललेलं म्हातारं माणूस असलं आणि त्याच्यासाठी सांभाळणारं माणूस मिळत नसलं, की किस्से साठत जातात. सिंकमध्ये खरकटी भांडी साठतात ना, तसे! कागलच्या एमआयडीसीत, आमच्या कॅन्टीनला डबा उघडला की मित्रांचा पहिला प्रश्न हाच, "काय भावा, सध्या कोण हाय?"

आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी एसटीत, कंडक्टर म्हणून. आई गेल्यावर त्यांना मलकापूरहून कोल्हापूरला आणलं. मग डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. मी कंपनीत, बायको वैशाली शाळेत शिकवणारी. दिवसभर आबांजवळ कोण? तिथून सगळं सुरू झालं.

*

पहिला माणूस एजन्सीनं पाठवला. "एकदम ट्रेन्ड हाय, साहेब!"

त्यानं आबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चालत्यात?"

"हो."

"जेवत्यात?"

"हो."

"मग ह्यात बघायचं काय हाय?"

दुपारी त्याचा फोन. "साहेब, पेशंट तुमच्याकडं आलाय काय?"

आबा सापडले स्टँडवर. मलकापूरच्या गाडीत, कंडक्टरच्या सीटवर! खरा कंडक्टर बिचारा शेजारी उभा. "उठवू कसं? मलाच म्हणत्यात, पास दाखव!"

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसू यायचं.

*

मग शालनमावशी आल्या. बाई म्हणजे सोनं! आबा अंघोळीला उठेनात की एसटीत कंडक्टरला म्हणतात तसं म्हणायच्या, "मास्तर, गाडी धुवायची हाय, उठा की!" की आबा लगेच उठायचे. वैशालीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

एक दिवस मावशींचा मुलगा दारात. "परक्या बाप्याची हागमूत काढतीस व्हय? पावण्यांत तोंड दावायला जागा न्हाई ऱ्हायली!"

मावशींनी पिशवी भरली. डोळे पुसत आबांना म्हणाल्या, "मास्तर, माझा स्टॉप आला."

आबा म्हणाले, "सावकाश उतरा."

त्यानंतर आबांनी कुणालाच अंगाला हात लावू दिला नाही. अंघोळ म्हणजे रोजची झटापट.

*

माझी बहीण पुण्याला. व्हिडिओ कॉलवर तिला आबा नेहमी फ्रेश दिसायचे. "दादा, तू उगीच टेन्शन घेतोस. त्यांच्याशी प्रेमानं बोललं की झालं!"

दिवाळीला आली. आबांचा हात हातात घेऊन खूप प्रेमानं बोलली. लहानपणीचं सगळं आठवून आठवून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्या बाई कुठं उतरणार हैत?"

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्यानंतर टेन्शनचा विषय तिनं काढला नाही. फोनही कमी झाले.

*

पुढचा माणूस मला आवडला होता. नीटनेटका, कमी बोलणारा. एकदा मी कंपनीतून लवकर घरी आलो. हा सोफ्यावर घोरतोय. आत आबा पलंगावर, आणि एक हात टॉवेलनं पलंगाला बांधलेला. मनगटावर वळ.

मी ओरडणार, तेवढ्यात आबांनी मोकळ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

"हळू! ड्रायव्हर झोपलाय. लांबचा पल्ला मारून आलाय बिचारा."

मी गाठ सोडली. त्या माणसाला उठवलं. तो म्हणाला, "पडू नयेत म्हणून बांधलं की, साहेब."

*

मग वैशालीनं शाळा सोडली. भाकरी थापता थापता सांगितलं. मी "बरं" म्हणालो.

हा किस्सा मी कॅन्टीनमध्ये सांगत नाही. ह्यात हसण्यासारखं काही नाही.

*

परवा मीच तिला म्हणालो, दोन दिवस माहेरी जा, जरा झोप काढ. मी रजा टाकली. सकाळी आबांना पेज भरवली, तोंड पुसलं. त्या दिवशी आबा खुशीत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "काम चांगलं हाय तुझं. नवीन लागलास?"

म्हटलं, "व्हय."

"गाव कुठलं?"

"मलकापूर."

"अरे, मग आमच्यातलाच की! घरात कोण कोण हाय?"

"बायको हाय. वडील हैत."

"वडील हिंडत्या-फिरत्यात?"

"फिरत्यात. पण त्यांना काय आठवत न्हाई आता."

आबांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, बाजूला ठेवली.

"आणि तू हितं? मग त्यांच्याजवळ कोण हाय?"

मी वाटी परत घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"असं करू नये, बाळ. बाप हाय तो. जा, घरी जा आधी."

दंडाला धरून त्यांनी मला उठवलं, दारापर्यंत आणलं. पाठीवरून हात फिरवला. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि आबांनी आतून कडी घातली.