मामाच्या वळणावर

जयसिंगपूरच्या भाजी मंडईमागच्या बोळात आकारामचं शिलाईचं दुकान आहे. त्याचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही आणि पुरता सरळही होत नाही, म्हणून मशीनला मोटर बसवलेली. नवं गिऱ्हाईक गुडघ्याकडं बघून विचारतंच, "अपघात झालता काय, पावणं?"

"न्हाय, जन्माचंच हाय," असं म्हणून तो कापड मापायला घेतो.

रांगायला लागला तेव्हापासून त्याच्या अंगावर निळे डाग उठायचे. कुठं आपटला हे कुणाला आठवायचं नाही, आणि डाग मात्र रुपयाएवढा. आई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तोंडातलं रक्त दुसऱ्या दिवशीही झिरपत होतं. पुढं शाळेत जायच्या वयात गुडघा सुजायला लागला. आतून गरम, तट्ट फुगलेला, हात लावू न देणारा. वडलांनी, गणपतरावांनी, त्याला तालमीतल्या मालिशवाल्याकडं नेलं. त्या भल्या माणसानं तेल लावून गुडघा चांगला रगडला. आकाराम किंचाळून किंचाळून गप्प झाला, आणि गुडघा दुप्पट झाला.

दहावीच्या वर्षी किडकी दाढ काढली आणि रक्त थांबेना. बोळे बदलून बदलून आई दमली. शेवटी सांगलीला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा गुडघा पाहिला, कोपर पाहिलं आणि मग आईलाच विचारलं, "तुमच्या माहेरात कुणा मुलाला असं व्हायचं का?"

आई पदराचं टोक पिळत म्हणाली, "माझा थोरला भाऊ, सयाजी. ल्हान असतानाच गेला. चिंचेवरनं पडला, जखम कायबी दिसत न्हवती. पोट मातूर फुगलं."

"आणि तुमच्या आईचा भाऊ?"

आईला रडू फुटलं. तोही तसाच गेला होता.

हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात जवळजवळ नव्हताच. घराण्यातल्या बायका तो दोष पुढं नेतात आणि बहुतेक वेळा मुलगे भोगतात, एवढं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. सांध्यात रक्त उतरतं, म्हणून सूज. चोळायचं नाही, बर्फ लावायचा, वाटेल ती दुखण्याची गोळी घ्यायची नाही. सगळं खरं होतं, पण गुडघा तोवर कामातनं गेला होता.

त्यांच्या घराला जोतिबाच्या सासनकाठीचा मान होता. चैत्रात ती उंच काठी गणपतराव कमरेच्या पट्ट्यात तोलून नाचवायचे, चारी बाजूंनी भाऊबंद दोर धरायचे आणि वरनं गुलाल-खोबरं बरसायचं. आकाराम थोरला. काठी त्याच्या हातात यायची होती, ती चुलतभावाकडं गेली. यात्रेच्या दिवशी सगळं गाव डोंगरावर जाई आणि हा दुकान उघडून बसे. गिऱ्हाईक नसे. "चांगभलं" कानात आपोआप घुमायचं. कधीकधी तो उभा राहून, हात कमरेजवळ मुठी करून बघायचा, काठीचं वजन कसं लागत असेल.

त्याचं हे वेड एकाच माणसाला ठाऊक होतं, धाकट्या बहिणीला, संयोगिताला. गुडघा सुजला की बर्फाची पिशवी घेऊन ती त्याच्या पायाशी बसायची. ल्हान होती तेव्हा म्हणायची, "दादा, मी मोठी झालो की तुला पाठुंगळी घिऊन डोंगर चढतो." तो हसायचा आणि गुडघा दुखायचा.

तिच्याही अंगावर डाग उठायचे. तिची पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालायची, शाळा बुडायची. आई म्हणायची, "उष्णता हाय, सब्जा खा." आकारामच्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकत होती. पण तिचं लग्न ठरलं तेव्हा आईनं त्याचे हात धरले, "पोरीच्या लग्नात मोडता घालू नकोस बाबा." तो गप्प बसला. शिरोलीच्या कारखान्यात कामाला असलेल्या उदयसिंहाशी लग्न झालं. वर्षभरात आई गेली.

संयोगिताला दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. एसटी धरून तो शिरोलीला गेला. तिच्या सासूनं, धोंडुबाईनं, चहा दिला. त्यानं कप तसाच ठेवून सगळं सांगितलं. हिची रक्ताची तपासणी करा. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करा, आणि डॉक्टरला आधीच सांगून ठेवा की मामाला हा आजार आहे. मुलगा झाला तर त्याला आजार असायची शक्यता आहे.

धोंडुबाई उभी राहिली. "पावणं, पोटुशीच्या तोंडावर असलं बोलत्यात व्हय? आमच्या घरात असलं काय न्हाय. तुमचं दुखनं तुमच्यापाशी ठेवा."

त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती दारात उभी होती, पोटावर हात ठेवून.

"दादा," ती खाली बघत म्हणाली, "तू जा आता."

पहिलं बाळंतपण असूनही तिला माहेरी धाडलं नाही. मुलगा झाल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं. भाऊबीजेला गणपतराव दुपारपर्यंत लेकीची वाट बघत दारात बसले आणि मग आत जाऊन निजले. आकारामनं लहान झबली शिवली, आंगडी शिवली. मूल वाढलं असेल या हिशेबानं पुढची मापं मोठी केली. फोनवर नंबर काढायचा, बघत बसायचा, फोन ठेवायचा. बहिणीचा आवाज कसा होता हे आठवायला लागलं की त्याला बर्फाचा गार स्पर्श आठवायचा, आवाज नाही.

एकदा तिच्या स्टेटसला बाळाचा फोटो आला. नाव यशराज. काळीभोर तीट, दोन दात, हसणं थेट आईवर गेलेलं. आकारामनं फोटो मोठा केला. बाळाच्या दंडावर, धरून उचलतात तिथं, बोटांएवढे निळे डाग होते. मशीन चालूच राहिली आणि सुई कापडावरनं भलतीकडंच गेली. त्यानं फोन लावला. तिनं उचलला नाही.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. सकाळची वेळ, तो शटर वर करत होता.

"दादा..." एवढंच. आवाज चटकन ओळखीचा झाला. "बाळ पडलं, वरचा ओठ फाटला. काल सकाळपासनं रक्त येतंय. थांबतंय, परत येतंय. दूध पिताना सगळं तोंड लाल हुतंय."

"आधी सांग, त्याला लस टोचल्यावर मांडी सुजलती?"

"व्हय. टणक गाठ झालती. सासूबाई चोळत हुत्या. शेजारीण मलाच म्हणती, तूच पोराला चिमटं काढतीस." ती हुंदके द्यायला लागली.

"रडू नकोस. कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात ने. दारातनं आत गेली की पहिलं वाक्य काय बोलायचं? मामाला हिमोफिलिया हाय, बाळाची तपासणी करा. दंडात-कमरेत सुई मारायच्या आधी हे सांग. मी निघालोच."

तो पोचला तेव्हा बाळाच्या इवल्या हातात सलाईनची सुई होती. तपासणी झाली होती, रक्त गोठवणारा आठ नंबरचा घटक जवळजवळ शून्य. तो घटक इंजेक्शननं शिरेतून दिला आणि दुपारपर्यंत रक्त थांबलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी संयोगिताचंही रक्त तपासायला सांगितलं. तिच्यातही घटक कमीच निघाला. "पाळीचा एवढा त्रास होता, कुणाला दाखवलं नाही?" त्यांनी विचारलं. तिनं आकारामकडं पाहिलं. दोघांनाही एकदमच आई आठवली असावी.

धोंडुबाई बाकावर बसून होती. तिनं त्याचा गुडघा बराच वेळ निरखला.

"पावणं, माझ्या नातवाचं पाय बी असंच हुनार?"

"न्हाई, मावशी. मला कळायला पंधरा वर्सं लागली. ह्याचं आताच कळलंय. ठरल्या दिवशी इंजेक्शन दिलं की सांधं शाबूत ऱ्हात्यात."

"मी चोळली की हो मांडी," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून बसली. आकारामनं तिला आपल्या मालिशवाल्याची गोष्ट सांगितली. दुसरं काय सांगणार?

आता यशराज चार वर्षांचा आहे. उदयसिंह त्याला न चुकता इंजेक्शनाला नेतो. शाळेतल्या बाईंना आजार ठाऊक आहे. दुसऱ्या खेपेला संयोगिताला मुलगी झाली, ती मोठ्या दवाखान्यात, आधी सगळं सांगून. मुलीचीही तपासणी करून घेतली. कारण मुलींनाही त्रास होतो हे आता घरात कुणाला सांगावं लागत नाही.

सुटीत ती माहेरी येते. लोक म्हणतात, पोरगं मामाच्या वळणावर गेलंय, आणि मग जीभ चावतात. आकाराम हसतो. यशराज अंगणात पळतो, पडतो, उठतो. त्याचे दोन्ही गुडघे सारखे, खरचटलेले, पुरते वाकणारे. ते कितीही बघितले तरी आकारामचं मन भरत नाही. आपल्यापुढं पळतंय ते भाचं की आपलंच कुणी, न पाहिलेला सयाजीमामा की भाऊ पडला तेव्हा चिंचेखाली उभं राहिलेलं आईचं लहानपण, त्याला नीट सांगता यायचं नाही.

परवा ती परत निघाली तेव्हा तो स्टँडवर सोडायला गेला. गाडी लागलेली. खिडकीतनं ती म्हणाली, "दादा, मधलं दीड वर्स वाया गेलं रं."

"फोन करत जा की," तो म्हणाला.

गाडी हलली. तिच्याबरोबर चार पावलं चालावं असं त्याला वाटलं, आणि तो चाललाही, पण गाडी वळली तेव्हा तो स्टँडच्या पहिल्या खांबापर्यंतच पोचला होता. पोरानं मागच्या काचेतनं हात हलवला. धूळ खाली बसेपर्यंत आकाराम तिथंच उभा राहिला.