हलका झालेला देव

ज्योतिबा जाधव तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पस्तीस वर्षं माथाडी. वस्तू तळहातावर तोलून बघितल्याशिवाय ती बरी की वाईट हे त्याला कळतच नसे. मोबाइलसुद्धा त्याने असाच घेतलेला.

कोपरखैरण्यात त्याच्या गावकऱ्यांची भैरोबाची पालखी निघते. पुढचा दांडा वीस वर्षं ज्योतिबाच्या खांद्यावर. पण गेल्या वर्षी वळणावर त्याचा गुडघा लचकला. लायटिंगची चौदा किलोची बॅटरी पालखीतच ठेवलेली, तरी कमिटीने खापर फोडलं ते गुडघ्यावर. "औंदा डगमगलास तर दांडा रणजीतला," असं अध्यक्षांनी बजावलं. रणजीत त्याचा पुतण्या, रोज जिमला जाणारा. ज्योतिबाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याची लेक उज्वला महाप्याच्या एका कंपनीत सर्किटं बनवते. लायटिंग हलकं करून दे, असं त्याने तिलाच साकडं घातलं. तिने एलईडी पट्टी चालवणारे तीन बोर्ड टेबलावर मांडले.

"हा मोठा. ह्याला ढीगभर पिना, आपल्याला लागते एक. हा बोटाएवढा, पण वायफाय नाही, म्हणजे मोबाइलवरून रंग बदलणार नाहीत. आणि हा सगळ्यात छोटा, ह्याच्यात वायफाय पण आहे."

"ह्याच्यात काय ऱ्हातंय? मुंगीचं बिऱ्हाड?"

दुसऱ्या दिवशी ज्योतिबाने तिन्ही बोर्ड मार्केटात नेले आणि पोत्यांच्या काट्यावर ठेवले. काटा तिन्ही वेळा शून्यावर. "तिन्ही सारखेच की गं!" घरी येऊन त्याने निकाल दिला.

उज्वलाने कपाळावर हात मारला. "आबा, वजन बॅटरीचं होतं. आता पट्टी आन् बोर्ड दोन्ही पॉवर बँकवर चालतील."

"मग धाकटाच घे. देवाला टोचायला नको."

पालखीच्या दिवशी दिवे लागताच बायाबापड्यांनी हात जोडले. कधी मोरपिशी, कधी हळदी, आणि सगळं उज्वलाच्या मोबाइलवरून. चौघांनी सवयीने जोर लावून पालखी उचलली, तर ती टुणकन वर उडाली.

"अगं बया!" म्हाताऱ्या चांगुणाबाई ओरडल्या. "आज देव बसलाच न्हाई!"

गर्दीत कुजबूज सुरू झाली. ह्या मंडळींत पालखी जड झाली म्हणजे देव आला असं मानतात, आणि बॅटरीच्या कृपेने गेली तीन वर्षं देव भलताच प्रसन्न होता. "लायटिंग कुनाची? ज्योतिबाची न्हवं?" कोणीतरी विचारलं. आता दांडा तर जाणारच होता, वर देव घालवल्याचं पातक पदरात.

ज्योतिबाने उभा जन्म वजन असून नसल्यासारखं दाखवलं होतं. आता नसलेलं उचलायचं होतं. त्याने दात खाल्ले, मान ताठ केली, एक पाय घसटत पुढे टाकला आणि छातीतून असा हुंकार काढला की पोरं मागे सरली. बाकीचे तिघेही माथाडीच. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही वाकले.

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!" अख्खा सेक्टर दणाणला.

मुक्कामाला पोचल्यावर अध्यक्षांनी त्याला मिठीच मारली. "एवढा जड देव, ह्या वयात! दांडा तुझाच रं बाबा, जिता हायस तवर."

ज्योतिबाला खरोखर रडू आलं.

घरी बायकोने, मुक्ताबाईने, खोबरेल कोमट करून त्याचा डावा खांदा चोळायला घेतला. "लय भरून आलाय का वो?" तिने विचारलं. ज्योतिबा डोळे मिटून मनापासून कण्हू लागला.

"आबा," दारातून उज्वला म्हणाली, "दांडा उजव्या खांद्यावर होता."