प्रार्थना अर्धी सोडून आलेले दानियलकाका

लोणंदकरांनो, तासाभरापूर्वीची गोष्ट सांगतेय.

लेकीला स्कूटरवर मागे बसवून शाळेला निघाले होते. तेवढ्यात आमचे मेकॅनिक दानियलकाका सायकलवरून धापा टाकत आले. "आवं मॅडम, थांबा! फोन लागंना तुमचा."

स्कूटरचं मागचं चाक काल त्यांनीच काढून बसवलं होतं. आता खाली बसून त्यांनी बघितलं, तर नट बोटांनीही फिरत होता.

"चूक माझी हाय," ते सरळ म्हणाले. "येशूपुढं प्रार्थनेला बसलो आन् आठवलं, नट आवळलाच न्हाई. तसाच उठून आलो."

मी घाबरून चिडलेच. लेकीसमोर नको ते बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, नट आवळला आणि पुढचं चाकही तपासलं.

राग उतरल्यावर मी विचारलं, "प्रार्थना अर्धीच राहिली की हो, काका?"

पाना पुसत ते म्हणाले, "न्हाई ओ. उरलेली हितं झाली."

मी रोज देवपूजा करते, पण शाळेत मुलांच्या वह्या घाईघाईत तपासते. स्वतःची चूक सांगायला असं कुणाच्या दारात गेलाय का तुम्ही? मी तरी नाही.