पाठ टेकली, पण खेळ संपेना

माझी मुलगी प्राची अभ्यासात बरी आहे, स्वभावानं गरीब आहे आणि तिला माणसाचा हात कोपरातून उलटा वाकवायला फार आवडतं. दोन वर्षांपासून ती राळेगावात ज्युडो शिकतेय. बाकीच्या मुली आवडती भाजी सांगतात, तशी ही आवडते डाव सांगते. पहिला नंबर हाताच्या कुलपाचा. समोरचा उताणा पडला की त्याचा हात दोन गुडघ्यांत धरायचा, छातीवर पाय टाकायचे आणि कंबर वर उचलायची. (हे ती जेवताना सांगते. माझा घास तिथंच अडकतो.)

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिची सरावाची जोडीदारीण तापानं आडवी झाली आणि प्राचीची नजर माझ्यावर पडली. मी शिंपी. उजव्या हातानं कात्री चालते म्हणून घर चालतं, आणि दोन दिवसांत एका नवरदेवाचा कोट द्यायचा होता. पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण समोर सासरे बसले होते. ते मारेगावकडचे जुने पैलवान, आणि लग्न जमताना मीही कुस्त्या खेळलोय असं त्यांना सांगून बसलो होतो. (एकच खेळलो होतो. समोरच्यानं हात लावायच्या आधीच पाठ टेकली होती.)

"उतरा ना जवाईबुवा," सासरे म्हणाले. "पोरगीच त आहे."

बायकोनं गाद्या अंथरल्या. प्राचीनं नियम सांगितला, दुखलं की मोकळ्या हातानं दोनदा थापटायचं, ती लगेच सोडणार. मी नुसती मान डोलावली. माझी युक्ती ठरलेली होती: कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास! तिनं कॉलरला हात घालताच मी स्वतःहून उताणा झालो आणि सुटलो म्हणून डोळे मिटले.

"चीत," सासऱ्यांनी निकाल दिला आणि ते चहा घ्यायला आत गेले.

डोळे उघडले तर माझा उजवा हात प्राचीच्या गुडघ्यांत होता आणि तिचे पाय माझ्या छातीवर. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. हिच्या खेळात आपणहून पाठ टेकली की खरं काम सुरू होतं! जिथून पळायचं, तिथंच मी गादी घालून झोपलो होतो.

मी डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलं. आता थापटायचं तर डावा सोडावा लागणार, आणि डावा सोडला की उजवा जाणार. मला प्लास्टरमधला हात दिसायला लागला, आणि अर्ध्या कोटात बोहल्यावर चढलेला नवरदेवही.

"हारलो बाई मी, सोड मले."

"तोंडानं म्हटलं तर सोडाचं नाही, सरनं सांगतलं. थापटा."

"कायनं थापटू? हात रिकामा नाही!"

बायकोला हाक मारली. ती मोबाइलवर शूटिंग करत होती आणि मला म्हणाली, जरा इकडं तोंड करा, नुसते पायच येऊन राह्यले.

शेवटी देवाचं नाव घेऊन डावा हात सोडला आणि थापटत सुटलो. गादी थापटली, फरशी थापटली, शेजारच्या स्टुलाची तंगडीही थापटली. थांबलो तेव्हा प्राची केव्हाच उठून बाजूला बसली होती. माझी किंकाळी ऐकून सासरे कपासह बाहेर आले.

बायकोनं हळद उगाळायला घेतली. मी हात छातीशी धरून पडून राहिलो, कारण तो अजिबात दुखत नव्हता आणि हे सांगायचं कसं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी उद्या यवतमाळले नाही जात. बापाचाच हात मोडला मी."

आता मात्र मला राहवलं नाही. पोरीची दोन वर्षांची मेहनत माझ्या भित्रेपणापायी वाया जाणार होती. "नाही मोडला गं," मी सासऱ्यांसमोर कबूल केलं. "मी फक्त भेलो."

"खरंच? मी त जोर लावलाच नोता, बाबा. तुम्ही तयार कवा होता, याचीच वाट पाहून राह्यलती." तिनं डोळे पुसले आणि गादी सरळ केली. "मंग या पुन्हा."

त्या संध्याकाळी मी आणखी अकरा वेळा थापटलं. त्यातल्या नऊ वेळा तिनं मला हातसुद्धा लावला नव्हता.