देवाचा मत्सर

दुपारचं जेवण अंगावर आलंय. दुकानाचं दार लोटून मी मागच्या खोलीत उघड्या अंगाने चटईवर पडलोय. पंखा कुरकुरतोय, डोळे मिटतायत, आणि विश्राम माझ्या शिलाई मशीनपाशी उभा आहे. गेल्या वर्षी काविळीने गेलेला विश्राम. गावच्या रवळनाथाचा गुरव. आणि माझा कोण, ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

इतक्या दिवसांनी येतो, तर मी कसा आहे ते विचारायचं सोडून देवाच्या शेल्याला जरीचा काठ लावून झाला का, म्हणून विचारतो.

"मेलंस तरी तुका तेचाच पडलाहा," मी म्हणतो.

तो नुसता हसतो. भिंती काळ्या दगडाच्या झाल्यात. हा गाभारा आहे, इथे गुरवाशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नाही, मी जन्मात आत आलेलो नाही. मशीनच्या जागी देव उभा आहे आणि विश्राम त्याला कोमट पाण्याने न्हाऊ घालतोय. मानेमागे, काखेत, अगदी निगुतीने. मला टायफॉइड झाला होता तेव्हा हा बाबा उंबऱ्यावरूनच "बरा मां?" विचारून परतला होता, लोक बघतील म्हणून.

मला मत्सर वाटतो. देवाचा. हसा हवं तर. विश्रामला बायको असती, तर तिच्याशी निदान भांडता आलं असतं.

एकदा मी हट्टच धरला होता, एकत्र राहू, लोक बोलून बोलून किती बोलतील? तर हा म्हणाला, देवाला कौल लावतो. म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून आला आणि म्हणाला, डावा दिला. झालं, विषय संपला. ज्याच्या अंगणात मी रांगलो, त्यानेच मला नको म्हटलं. तेव्हापासून पालखी दारात आली की मी आत जाऊन बसतो. ढोल ऐकले की हात आपोआप जुळतात, ते मी सोडवतो. फार वाईट वाटतं तेव्हा.

आम्ही खाडीच्या धक्क्यावर बसलोय, पाय पाण्यात सोडून. आमच्या मधोमध देव बसलाय, अजून ओलाच. इथेसुद्धा मध्येच.

"ह्या तुझ्या देवानंच आपणाक मोडल्यान," मी म्हणतो.

विश्राम पाण्याकडे बघत राहतो. "मी कौल लावलंयच नाय, जयराम."

मी पाण्यातून पाय वर घेतो.

"भियालंय. देवान उजवो दिलो असतो, तर मगे माका भिऊक निमित खंय होता?"

माझ्या अंगाची लाही होते. त्याला खाडीत ढकलावंसं वाटतं, पण मेलेल्या माणसाला बुडवून काय मिळणार! देव शांत बसलाय. त्याला बिचाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मी आयुष्यभर त्याच्यावर जळत राहिलो.

पाठीला दगड गार लागतो. मी देवाच्या जागी उभा आहे, हलता येत नाही. विश्राम जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवतो आणि माझ्या छातीवर एक इकडे, एक तिकडे दाबून बसवतो. इतक्या निगुतीने त्याने मला कधी हात लावला नव्हता. मग मागे सरून हात जोडतो.

"बा जयरामा, तुझ्याकडे खोटा बोललंय. तुका तुझ्या देवापासून तोडलंय. माफ करतलंस तर उजवो दी."

त्याचे डोळे माझ्या छातीवर खिळलेत. देवाकडे तो असाच बघायचा. मला ओरडून सांगायचंय की नाही करणार माफ, बस तसाच. तोंड उघडत नाही.

पंखा कुरकुरतोय. घामाने चटई भिजलीय, बाहेर कुणीतरी ब्लाउज न्यायला आलंय, हाका मारतंय. मी उठून बसतो. छातीच्या डाव्या अंगाला जास्वंदीची तांबडी पाकळी घट्ट चिकटलीय. उजवीकडे हात लावतो, तिथे नुसता ओलावा. पाकळी माझ्या मांडीवर पडलीय.